ठिणगीचा धनी कोण?

(शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री लाईनीकडच्या टोल्यावरच्या बायांनी एक प्रश्न विचारला. तो सोपा वाटला म्हणून लोक हसले. आम्हाला मात्र त्यावर रात्रभर झोप आली नाही. प्रश्न असा की इंजिनाच्या ठिणगीनं धान जळालं तर धरायचं कोणाला? ड्रायव्हरला, सायबाला, की सरकारला?

धान कापून बांधीत पुंजणे रचून ठेवले होते. त्यातले तीन जळाले. तीन घरांचं वर्षाचं खाणं गेलं, बैलांची तणस गेली. पटवाऱ्याकडे गेलं तर तो म्हणाला, ही जबरानजोत आहे, सातबारावर जंगल खात्याचं नाव आहे, मी पंचनामा कोणाच्या नावानं करू? स्टेशनवर गेलं तर म्हणाले, आग आमचीच कशावरून, कोणी विडी टाकली असेल. आग इंजिनाची की विडीची, हे या मांडवात ठरणार नाही. त्याचा पुरावा गोळा व्हायचा आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ठिणगी कोणाची, हा पहिला प्रश्न. जमीन कोणाची, हा दुसरा. आणि प्रत्येक कचेरीत आपल्याला दुसरा प्रश्न आधी विचारला जातो, म्हणजे मग पहिल्याचं उत्तर द्यायची गरजच उरत नाही.

हे भांडण आपल्यापासून सुरू झालेलं नाही. जिथं जिथं कोळशाचं इंजिन गेलं तिथं शेतकऱ्याचं आणि रेल्वेचं हे भांडण झालं, दीडशे वर्षं झालं. त्यातून काय निघालं ते आज सांगायचं आहे. पण आधी इंजिन.

भट्टीत कोळसा जळतो. सिलिंडरात काम करून सुटलेली वाफ धुराड्याच्या खाली एका तोंडातून वर सोडतात. ती जोरात वर जाताना भट्टीतली हवा आपल्यामागं ओढते, त्यामुळं विस्तव फुलतो. आपल्याला जे भक्-भक् ऐकू येतं ते हेच. चढ आला, डबे जड असले, की ड्रायव्हर जास्त वाफ सोडतो आणि ओढ वाढते. मग जळता बारीक कोळसा नळ्यांमधून पुढं येतो आणि धुराड्यातून बाहेर उडतो. हे इंजिन बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून धुराड्याच्या आधीच्या पेटीत लोखंडी जाळी बसवतात. जाळी नीट असली तर मोठा निखारा अडतो. जाळी गंजली, फाटली, किंवा तिच्या कडेला फट पडली तर तो अडत नाही. खाली राखपेटी असते. तिचं दार वाकलं असलं, बंद होत नसलं, तर निखारे रुळावरच पडत जातात, स्लीपरवर, मग कडेच्या गवतावर. शिवाय रेल्वेच्या स्वतःच्या पट्ट्यातलं गवत कापलेलं आहे की वाळून उभं आहे, ही तिसरी गोष्ट.

म्हणजे इंजिनाची आग ही आभाळातून पडलेली वीज नव्हे. जाळी कोणीतरी तपासायची असते. शेडमध्ये त्याची नोंद व्हायची असते. गवत कोणीतरी कापायचं असतं. आणि ते कोणीतरी म्हणजे ड्रायव्हर-फायरमन नव्हेत, हेही सांगून ठेवतो. फाटकी जाळी त्यांना शेडमधून मिळते. त्यांच्यावर दगड उचलून उपयोग नाही. उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर तीच माणसं आपल्या कामाची आहेत.

आता इंग्लंड. आपल्याकडे रेल्वे आणली ती त्यांनी आणि कोर्टातली रीतही त्यांचीच, म्हणून तिथून सुरुवात करावी लागते.

वेल्समध्ये टॅफ व्हेल नावाची रेल्वे होती. तिच्या ठिणगीनं एकाचं रान जळालं. जंगलमालक कोर्टात गेला. खाली जिंकला, वर १८६० साली हरला. वरचं कोर्ट म्हणालं, पार्लमेंटनं या कंपनीला इंजिन चालवायची परवानगी दिलेली आहे, कंपनीनं शक्य ती काळजीही घेतली आहे, मग आग लागली तरी ती भरपाई देणं लागत नाही. म्हणजे कागदानं परवानगी असली की शेजाऱ्यानं जळून घ्यायचं. जंगल खात्याचा कागद आणि आपलं घर, यांचं नातं तुम्हाला ठाऊकच आहे. तसंच हे.

पण त्याच कोर्टांनी आठ वर्षांनी दुसरा निकाल दिला. वेल्समध्येच फेस्टिनियॉग म्हणून एक छोटी लाईन आहे, आपल्या छोट्या लाईनीहूनही अरुंद, पाटीचा दगड खाणीतून बंदरावर नेणारी. तिच्या ठिणगीनं एका शेतकऱ्याची गवताची गंजी जळाली. कंपनी म्हणाली, आम्ही सगळी काळजी घेतली. कोर्टानं तिचा कायदा उघडून पाहिला. त्यात गाडी चालवायची परवानगी होती, पण वाफेचं इंजिन वापरायची परवानगी स्पष्ट लिहिलेली नव्हती. मग कोर्ट म्हणालं, काळजी घेतली असेल तरी धोक्याची वस्तू तुम्ही आपल्या जबाबदारीवर आणलीत, गंजीची भरपाई द्या. १८६८ सालची गोष्ट. तेव्हा समोरचा माणूस परवानगी-परवानगी म्हणाला की घाबरून परत यायचं नाही. कशाची परवानगी, किती, कोणत्या अटीवर, तो कागद दाखवा म्हणायचं. आणि फाटक्या जाळीची परवानगी तर कोणत्याच कायद्यात नसते. १८६० च्या निकालातही काळजी घेतलेली असली तरच कंपनी सुटते.

यानंतर रेल्वेचं दुसरं म्हणणं येतं. तुम्ही वाळलेला माल रुळाजवळ ठेवलाच कशाला? टोल्यावरच्या बायांनाही हेच ऐकवलं गेलं. अमेरिकेत मिनेसोटा म्हणून राज्य आहे. तिथं एका कारखान्यानं जवसाच्या वाळलेल्या काड्यांच्या गंजी आपल्या जागेत रचल्या होत्या, सातशे टनांच्या आसपास माल, रुळापासून पंचवीस-तीस पावलांवर. १९०७ च्या एप्रिलात वारा सुटला असताना इंजिन गेलं आणि सगळं जळालं. रेल्वे म्हणाली, इतक्या जवळ रचलं हा तुमचाच निष्काळजीपणा. ज्युरीला ते पटलं. खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९१४ साली तिथं निकाल फिरला. आपल्या जागेचा आपण सरळ वापर करतो, तेव्हा दुसरा चूक करील असं धरून आपली जमीन पडीक टाकायची सक्ती कोणावर नाही. शेजारच्यानं नीट इंजिन चालवावं, एवढी अपेक्षा धरायचा हक्क आहे. आमच्या मते रेल्वेवरच्या सगळ्या निकालांत आपल्या सगळ्यात जास्त कामाचा हा. कारण रुळापासून शंभर पावलं सोडून पेरा म्हणणं म्हणजे रेल्वेनं पैसे न देता तुमची आणखी शंभर पावलं घेणं.

तिसरं म्हणणं असतं अंतराचं. आग आमच्या हद्दीत लागली असेल, पण तुमचं घर लांब आहे, मधे वारा होता, मधे दुसऱ्याचं शेत होतं. न्यूयॉर्क राज्यात १८५४ साली रेल्वेच्या इंजिनानं रेल्वेच्याच लाकडाच्या वखारीला आग लागली. तिथून सव्वाशे-दीडशे फुटांवरचं एका माणसाचं घर जळालं. आग रेल्वेच्या हयगयीनं लागली यावर वादच नव्हता. तरी १८६६ मध्ये कोर्टानं सांगितलं, पुढचं नुकसान दूरचं आहे, त्याची जबाबदारी नाही. अशी भरपाई द्यायला लावली तर कोणी उद्योगच करू शकणार नाही, लोकांनी आपल्या घराचा विमा उतरवावा! ज्याला कुडाचं घर परवडत नाही त्यानं विमा उतरवावा. न्याय आहे.

इंग्लंडमध्ये १८७० साली याच प्रश्नावर उलटं झालं. उन्हाळ्यात गँगच्या लोकांनी कडेचं गवत आणि झुडपं कापली, पण उचलली नाहीत, ढीग तसेच ठेवले. गाडी गेली, ढिगाला आग लागली, ती कापलेल्या शेतातून पसरत गेली, रस्ता ओलांडून दोनशे यार्डांवरची एक झोपडी जळाली. कंपनी म्हणाली, इतक्या लांब जाईल असं कोणाला वाटलं असतं? कोर्ट म्हणालं, वाळलेलं गवत रुळाशी ठेवलंत हीच हयगय, आणि एकदा हयगय झाली की तिच्यातून जे झालं ते तुमचं. एकाच तऱ्हेची आग, दोन देश, दोन न्याय. म्हणून कोणी शहाणा सांगायला आला की कायदाच असा आहे, तर कोणता कायदा, कधीचा, हे त्याला विचारा.

आता सगळ्यात मोठी आग सांगतो. ती आम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आदिवासींच्या रानातून गेली.

तेच मिनेसोटा राज्य. उत्तरेला क्लोके नावाचं गाव, लाकडाच्या गिरण्यांचं. त्याला लागून ओजिब्वे लोकांचं फॉन-डू-लॅक राखीव क्षेत्र. १८५४ च्या करारानं बाकीचा मुलूख सोडून त्यांना एवढं ठेवलं होतं. पुढं १८८९ च्या कायद्यानं तेही माणशी तुकडे पाडून वाटायला सुरुवात झाली, आणि उरलेलं बाहेरच्यांसाठी मोकळं झालं. लाकूड कंपन्यांनी पाईनचं जंगल कापून नेलं. खोड नेलं, फांद्या आणि पाला तिथंच टाकला. आपल्याकडच्या कटाईच्या कूपात काय उरतं ते डोळ्यांपुढं आणा.

१९१८ साल. पाऊस नव्हता, सगळं कोरडं. पहिलं महायुद्ध चालू होतं, म्हणून १९१७ च्या डिसेंबरपासून अमेरिकन सरकारनं देशातल्या रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. म्हणजे गाड्या कंपन्यांच्या, कारभार सरकारचा. १० ऑक्टोबरला मैल ६२ नावाच्या एका सायडिंगजवळून प्रवासी गाडी गेली. तिच्यामागं रुळाकडेला रचलेल्या लाकडाजवळ आग दिसली. तिथल्या लोकांनी विझवायला धडपड केली, पण ती लाकडाच्या ढिगात शिरून धुमसत राहिली. दोन दिवस. १२ तारखेला वारा उठला आणि ती आग राखीव क्षेत्रातून धावत क्लोकेवर आली. गाव एका रात्रीत गेलं. त्याच दिवशी त्या भागात अशा कितीतरी आगी भडकल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच रेल्वेच्या कडेनं लागलेल्या. सगळ्या मिळून सुमारे अडीच लाख एकर जळालं. साडेचारशेच्या वर माणसं मेली. क्लोकेत त्या मानानं थोडी मेली, कारण स्टेशनवरच्या माणसांनी गाड्या जमवून हजारो लोकांना उघड्या डब्यांतूनसुद्धा बाहेर काढलं. हेही सांगितलं पाहिजे. ज्या रुळावरून आग आली त्याच रुळावरून रेल्वे कामगारांनी माणसं वाचवली.

मग भरपाईचा लढा सुरू झाला, आणि समोर होतं सरकार. सरकारच्या वकिलांचं म्हणणं, हा वाऱ्याचा कोप आहे. आणि दुसरं, त्या दिवशी इतक्या आगी होत्या, सगळ्या एकमेकींत मिसळल्या, तुमचं घर नेमकं आमच्याच ठिणगीनं जळालं हे दाखवा. हे ऐकायला बरोबर वाटतं. मिसळलेल्या आगीतून एक ठिणगी वेगळी कशी काढायची? एका घरमालकाचा दावा राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेला. १९२० चा निकाल असा आहे की रेल्वेनं लावलेली आग दुसऱ्या आगींत मिसळली, त्यांतल्या काहींचा धनी कोण हेही माहीत नसलं, तरी नुकसान करण्यात रेल्वेच्या आगीचा मोठा वाटा असेल तर रेल्वे सगळ्याला जबाबदार. दुसऱ्यांच्या आगीआड लपता येणार नाही.

हे आपल्याला फार जवळचं आहे. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला आपण झाडाखालचा पाला जाळतो. तेंदूला फुटवा यावा म्हणून ठेकेदाराची माणसं आग लावतात. त्यामुळं जंगलात आग दिसली की नाकेदार पहिल्यांदा आपल्याकडं बोट करतो, आणि उद्या रेल्वेही तेच करील. तुमचीच आग, तुमचेच पुंजणे. मिनेसोटाच्या लोकांनी या वादाला उत्तर मिळवून ठेवलेलं आहे. पण त्याचबरोबर आम्ही हेही सांगतो की लाईनीपासून हाकेच्या अंतरावर या हंगामात आपण पाला जाळायचा नाही, हातानं झाडून घ्यायचा. समोरच्याच्या हातात आपण काडी द्यायची नाही.

निकाल लागला म्हणून पैसे आले असं समजू नका. सरकारनं लोकांशी तडजोडी केल्या, दाव्याच्या रकमेतला एक भागच दिला. घर जळालेला माणूस हिवाळा पुढं असताना किती थांबणार? मिळेल ते घेतलं. पण लोकांनी मागणी सोडली नाही. १९३५ साली अमेरिकेच्या संसदेनं उरलेली भरपाई द्यायचा कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं त्यावर सही केली. मधे सतरा वर्षं गेली.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी फार आधी शहाणपण दाखवलं होतं. मॅसॅच्युसेट्सनं १८४० मध्येच कायदा केला की इंजिनाच्या आगीनं नुकसान झालं तर रेल्वेनं भरून द्यायचं, हयगय सिद्ध करायचं काम शेतकऱ्याचं नाही. विमा उतरवायचा तर रेल्वेनं लाईनीकडेच्या मालमत्तेचा उतरवावा. मिझुरी राज्यानं असाच कायदा केला तेव्हा रेल्वे सुप्रीम कोर्टात गेली आणि १८९७ साली हरली.

इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांना थांबावं लागलं. १९०५ साली रेल्वेच्या आगीचा वेगळा कायदा झाला, १९०८ पासून लागू झाला. शेतजमीन किंवा पीक जळालं आणि दावा शंभर पौंडापर्यंत असला, तर पार्लमेंटची परवानगी होती हे कारण चालणार नाही, पैसे द्या. पुढं १९२३ मध्ये शंभराचे दोनशे पौंड झाले. आता या कायद्यातली खोच पाहा. शेतजमिनीत त्यांनी नांगरलेली जमीन धरली, कुरण धरलं, बागा धरल्या, लावलेलं वन धरलं, कुंपणसुद्धा धरलं. वगळलं काय? मूर, म्हणजे झुडपांचं आणि गवताचं उघडं रान. आणि घरं. म्हणजे तिथंही नांगर आणि कुंपण दिसलं तरच जमीन. झुडपी जंगलातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपली निस्ताराची जमीन, चराई, मोहाची झाडं, पुंजणे ठेवलेली जबरानजोत, हे सगळं त्यांच्या भाषेत मूर.

तर मग पटवाऱ्याच्या प्रश्नाकडं येऊ. सातबारावर नाव नाही, मग भरपाई कोणाला?

याचंही जुनं उत्तर आहे आणि ते रेल्वेच्याच खटल्यातून आलं आहे. १८५६ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं एका माणसाच्या ताब्यातले मालाचे डबे नेले. त्यानं दावा लावला तेव्हा रेल्वे म्हणाली, ते डबे खरं तर त्याचे नाहीतच, मालक दुसराच आहे. कोर्टानं ते ऐकून घेतलं नाही. डबे ज्याच्या ताब्यात होते त्याच्याकडून चुकीनं नेणाऱ्याला, मालक तिसराच आहे, हा बचाव घेता येत नाही. चूक करणाऱ्यापुढं कब्जा हीच मालकी. त्याच्याही आधी, १७२२ मध्ये, धुराडी झाडणाऱ्या एका पोराला एक दागिना सापडला. सोनाराकडं दाखवायला गेला तर तिथल्या माणसानं खडे काढून घेतले. कोर्टानं पोराच्या बाजूनं निकाल दिला. दागिन्याचा खरा धनी आला तर गोष्ट वेगळी, पण सोनाराला विचारायचा अधिकार नाही की हा तुझा कशावरून.

रेल्वे इथं सोनाराच्या जागी आहे. जंगल महाराष्ट्र सरकारच्या खात्याचं, रेल्वे दिल्लीच्या सरकारची. कोर्टात ही दोन वेगळी सरकारं आहेत. जमिनीवरून जंगल खात्याशी आपलं भांडण आहे, ते आपण लढतोच आहोत. पण जळालेलं धान आपण नांगरलं, रोवलं, कापलं. ते धान रेल्वेच्या हयगयीनं जळालं असेल तर जमिनीचा धनी कोण हे विचारणारी रेल्वे कोण?

वकील म्हणतात, समोरचा बेकायदेशीर कब्जा म्हणून ओरडेल. ओरडू दे. नाकेदारानं वर्षानुवर्षं फाडलेल्या दंडाच्या पावत्या आपल्या गाडग्यात आहेत. दंड घेताना त्यांनीच लिहून दिलंय की अमुक माणूस अमुक ठिकाणी जोतत होता. आणि ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा ठराव खुद्द राज्य सरकारनं केलेला आहे. पावती चुलीजवळ ठेवू नका, एवढंच.

आपल्या देशात रेल्वेचा १८९० चा कायदा होता. प्रवासी मेला, माल हरवला, त्याची भरपाई त्यात होती. शेजारच्या शेताला आग लागली तर काय, याचं इंग्लंडसारखं कलम त्यात नव्हतं. म्हणून साधा दिवाणी दावा, हयगयीबद्दल. रेल्वे चालवणं हा सरकारचा धंदा आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९६३ सालीच म्हटलेलं आहे, तेव्हा राजाला हात लावता येत नाही हे उत्तर इथं चालू नये. आणि भोपाळनंतर, दिल्लीच्या ऑलियम वायूच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की धोक्याचा धंदा चालवणाऱ्यानं नुकसान भरून द्यायचं, त्याला इंग्लंडच्या जुन्या पळवाटा नाहीत. कोळशाचं इंजिन त्यात बसतं का? आमच्या मते वकिलांनी हे मांडून पाहिलं पाहिजे. मात्र टोल्यावरच्या लोकांनी त्यावर विसंबून बसू नये. हयगयीचा पुरावा तो पुरावा.

तो पुरावा पहिल्या दोन दिवसांत असतो, मग राखेबरोबर उडतो. गाडी किती वाजता गेली, कोणत्या बाजूला, इंजिनाचा नंबर काय, ते लिहा. नंबर मोठ्या आकड्यात असतो, शाळेतली पोरं वाचतात. चढावर होती का, वारा कुठला होता, आग पहिल्यांदा कोणी कुठं पाहिली, रुळाकडून आली की जंगलाकडून. कडेचं गवत कापलेलं होतं का. जळालेले कोळशाचे तुकडे राखेत सापडले तर उचलून डब्यात ठेवा, पाच जणांच्या सह्या-अंगठ्यांनी. पटवारी येत नसेल तर गावाचाच पंचनामा करा. पोलीस पाटलाची सही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी करा. आणि ज्या दिवशी काही जळालं नाही, नुसतं गवत पेटून विझलं, तेही लिहा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १८७५ साली एका खटल्यात मान्य केलं की त्याच उन्हाळ्यात त्याच रेल्वेच्या इंजिनांनी दुसऱ्या वेळीही विस्तव उडवला होता, हा पुरावा घेता येतो. एक आग म्हणजे अपघात म्हणतील. वहीत बारा आगी असल्या तर जाळी कोणी कधी तपासली, हे शेडला सांगावं लागेल.

दावा लावायच्या आधी दिवाणी कायद्याच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. रेल्वेच्या बाबतीत ती त्या रेल्वेच्या जनरल मॅनेजरला द्यायची, स्टेशन मास्तराला नाही. स्टेशनवर दिलेला अर्ज हा अर्जच राहतो. वर्ष उलटू द्यायचं नाही. कोर्ट फी नसेल तर निर्धन दावेदार म्हणून दावा लावता येतो.

तीन घरांच्या नोटिशीचा मसुदा आम्ही केला आहे. तो उद्या सकाळी न्याहारीच्या आधी वाचून दाखवू. टोल्यावरच्या बायांनी आपल्या दंडाच्या पावत्या आणि गाडीच्या वेळेची आठवण असलेली माणसं बरोबर आणावीत. लाईनीकडच्या सात टोल्यांना एकेक कोरी वही इथूनच मिळेल. कोणाकडं राहणार त्याचं नाव आत्ताच सांगा, शक्यतो लिहिता येणारी मुलगी असावी, कारण पोरं डिसेंबरात कामाला बाहेर जातात.